निदान की निवाडा? : श्वानांच्या मेंदूदाहाच्या परिभाषेची समीक्षा

प्रस्तावना

मराठीत मुलाला मेंदूज्वर होतो आणि कुत्रा पिसाळतो. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन वाक्यांच्या व्याकरणात सामावलेला आहे. पहिल्या वाक्यात रोग हा कर्ता आहे व मूल चतुर्थीत आहे. रोग बाहेरून येतो, मुलाला गाठतो आणि म्हणून मूल दयेस व उपचारास पात्र ठरते. दुसऱ्या वाक्यात रोगाचे नावच नाही. कुत्रा स्वतःच कर्ता आहे आणि जे काही घडते ते जणू त्याच्या स्वभावातून घडते. वैद्यकदृष्ट्या मात्र दोन्ही वाक्ये एकाच प्रकारच्या घटनेविषयी, म्हणजे मेंदूच्या ऊतींना आलेल्या दाहाविषयी आहेत.

नागपूरला 'मेंदूज्वर' हा शब्द नवा नाही. १९६५ साली नागपूर परिसरातील रुग्णांच्या रक्तातून जो विषाणू वेगळा करण्यात आला, त्यास चांदीपुरा या येथील स्थळाचेच नाव मिळाले. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात बालकांमध्ये मेंदूज्वराची जी साथ आली, तिच्या संदर्भात हे नाव देशभर पोहोचले. म्हणजे मानवी मेंदूदाहाच्या बाबतीत या प्रदेशाने रोग, रोगकारक आणि स्थळ यांना वेगवेगळी नावे देण्याइतकी काटेकोर भाषा वापरली. कुत्र्याच्या मेंदूदाहासाठी आपली व्यवहारभाषा आजही एका क्रियापदावर भागवते. ही भाषा रोगाचे निदान करीत नाही, ती प्राण्याचा निवाडा करते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. या निवाड्याची किंमत कुत्रा मोजतो हे उघड आहे. परंतु ती माणूसही मोजतो, हे तितकेसे उघड नाही.

'अलर्क' आणि 'पिसाळ' : लक्षणांचे आकुंचन

'पिसाळणे' या क्रियापदाचे नाते 'पिसा', 'पिसे', 'वेडापिसा' या शब्दकुळाशी आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे कुळ 'पिशाच' या शब्दाशी जोडले जाते. संतकवितेत 'पिसे' हे भक्तीच्या देहभान हरपलेल्या अवस्थेचेही नाव आहे. माणसाच्या बाबतीत हा शब्द असा उंचावर गेला. कुत्र्याच्या बाबतीत तो केवळ हिंसक वेड या अर्थाने स्थिरावला. कुत्रा 'पिसाळला' म्हणजे तो धावून आला, चावत सुटला, एवढेच चित्र श्रोत्याच्या मनात उभे राहते.

याउलट सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातव्या अध्यायात बाधित श्वानाचे जे वर्णन आहे, ते या चित्रापेक्षा पुष्कळच सूक्ष्म आहे. तेथे शेपूट, जबडा व खांदे गळून पडलेला, लाळ गाळणारा, ऐकू न येणारा, न दिसणारा आणि समोर येईल त्याच्याकडे धावणारा प्राणी वर्णिलेला आहे. कुत्र्याबरोबर कोल्हा, अस्वल, वाघ आदी प्राण्यांचाही तेथे निर्देश आहे. आधुनिक पशुवैद्यकात रेबीजची उग्र व मूक अशी दोन रूपे सांगितली जातात. सुश्रुताच्या वर्णनातील धावून जाणे पहिल्या रूपाशी, तर गळालेला जबडा व लाळ दुसऱ्या रूपाशी जुळते. दोन्ही रूपे एका वाक्यात सामावून घेणारी ही निरीक्षणशक्ती मराठी क्रियापदापर्यंत येता येता निम्मी झाली. उग्र रूप उरले, मूक रूप शब्दाबाहेर गेले.

शब्दाबाहेर गेलेली गोष्ट दृष्टीबाहेरही जाते. मूक रेबीजमध्ये कुत्रा कोपऱ्यात पडून असतो, त्याचा खालचा जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलतो. असा कुत्रा पाहून घरातील मंडळींना पहिली शंका येते ती घशात हाड अडकल्याची. मग कुणीतरी दयाबुद्धीने तोंडात हात घालून हाड शोधते. कुत्रा चावत नाही, म्हणून तो 'पिसाळलेला' नाही. तो पिसाळलेला नाही, म्हणून लस घेण्याचे कारण नाही. ही तर्कसाखळी सर्वस्वी भाषेने घडविलेली आहे. हातावरील लहानशा ओरखड्यातून किंवा डोळा-तोंडाच्या ओल्या त्वचेवर लागलेल्या लाळेतूनही विषाणूचा प्रवेश होऊ शकतो, ही गोष्ट त्या साखळीत बसत नाही.

'जलसंत्रास' या शब्दाने असाच एक घोटाळा केला आहे. पाण्याचे भय हे बाधित माणसाचे लक्षण होय. सुश्रुतानेही ते दष्ट माणसाच्या संदर्भात सांगितले आहे. कुत्र्यात ते लक्षण म्हणून धरले जात नाही. रेबीज झालेला कुत्रा पाण्याजवळ जातो, घशाच्या स्नायूंनी साथ दिली तर पितोही. तरी संशयित कुत्र्यापुढे पाण्याचे भांडे ठेवून 'पाणी पितो, म्हणजे काही नाही' असा निर्वाळा देण्याची रीत सर्वत्र आढळते. माणसाच्या रोगाचे नाव प्राण्याच्या परीक्षेला लावल्याने हे घडले.

जे पिसाळल्यासारखे दिसते

आता उलट बाजू. उग्र वाटणारे प्रत्येक वर्तन रेबीज असते काय? भाद्रपदात कुत्र्यांच्या टोळ्या एकमेकांवर तुटून पडतात, त्यावरून मराठीने एक कुत्सित वाक्प्रचारही घडविला आहे. ते वर्तन ऋतुसुलभ असते, रोगज नव्हे. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा उष्माघाताने कुत्रा अडखळतो, फेस गाळतो, झटके देतो. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, ही जी समजूत रूढ आहे, तिच्यामागे असे न ओळखलेले उष्माघात किती असतील, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

परंतु निदानाच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी आहे तो डिस्टेंपर. या रोगाचे कारण गाळणीतून पार होणारा विषाणू आहे, हे कारे या फ्रेंच पशुवैद्यकाने १९०५ मध्ये दाखविले. लस न टोचलेल्या पिलांत हा रोग ताप, नाका-डोळ्यांतील स्राव, खोकला, जुलाब अशा वाटेने येतो आणि कित्येकदा ही लक्षणे ओसरल्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूत प्रकट होतो. तेव्हा कुत्रा काही चघळत असल्यासारखा जबडा हलवितो, तोंडाला फेस येतो, झटके येतात. एखाद्या पायाचा किंवा कपाळाचा स्नायू झोपेतही ठेक्याने उडत राहतो. हा ठेका डिस्टेंपरकडे बोट दाखविणारे मोठे चिन्ह आहे. रस्त्यावरचा प्रेक्षक मात्र ठेका पाहत नाही, फेस पाहतो.

याखेरीज गोचिडांतून येणारा एर्लिकिया, टोक्सोप्लाझ्मा व निओस्पोरा हे परजीवी, क्वचित जीवाणू वा बुरशी, हे सर्व कुत्र्याच्या मेंदूत वा मेंदूच्या आवरणांत दाह निर्माण करू शकतात. यांपैकी काहींवर औषध आहे. एर्लिकियाचा संसर्ग डॉक्सिसायक्लिनला दाद देतो आणि रक्ताच्या चाचणीने ओळखूही येतो. एका क्रियापदाच्या पोटात असे अर्धा डझन रोग बसलेले आहेत.

येथे एक आक्षेप गृहीत धरला पाहिजे. रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक असल्यामुळे संशय आला की सर्वांत वाईट शक्यता धरून चालावे, आणि 'पिसाळलेला' हा शब्द नेमकी ही सावधगिरी शिकवितो, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. चावा बसलेल्या माणसाने जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व लस आणि आवश्यकतेनुसार इम्युनोग्लोब्युलिन यांसाठी कुत्र्याच्या निदानाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, याबद्दल दुमत नाही. पण माणसाचा उपचार संशयावर सुरू होतो म्हणून कुत्र्याचे निदानही संशयावर संपवावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. पहिल्या कृतीत शंकेचा फायदा रुग्णाला मिळतो. दुसऱ्या कृतीत शंकेचेच सिद्धांतात रूपांतर होते. शिवाय वर दाखविल्याप्रमाणे हा शब्द मूक रेबीजच्या बाबतीत सावधगिरी शिकवीतही नाही.

नियमाची भाषा

लोकभाषा सैल असली तरी शासकीय भाषा काटेकोर असेल, अशी अपेक्षा असते. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियमांत उग्र व मूक अशा दोन्ही प्रकारच्या रेबीजग्रस्त कुत्र्यांचा स्वतंत्र नियम होता, ही त्या मसुद्याची मोठी जमेची बाजू मानली पाहिजे. लोकभाषेने गमावलेले मूक रूप येथे पुन्हा शब्दांत आले. स्थानिक संस्थेने नेमलेला पशुवैद्यक व प्राणिकल्याण संस्थेचा प्रतिनिधी अशा दोघांनी संशयित कुत्र्याची तपासणी करावी, रेबीजची दाट शक्यता आढळल्यास त्यास नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत विलग ठेवावे आणि रेबीज नसून अन्य व्याधी असल्यास उपचारार्थ सोपवावे, असा त्याचा आशय होता. संशयित कुत्र्यास घाईने मारल्याने रेबीजचे खरे प्रमाण कळत नाही, हे कारणही तेथे दिलेले होते. निदानाचे सामाजिक मूल्य ओळखणारे असे विधान प्रशासकीय मसुद्यात विरळाच आढळते.

मात्र याच नियमात एक दोष शिरला. रेबीज जडल्यापासून साधारण दहा दिवसांत मृत्यू येतो, असे त्यात म्हटले होते. रेबीज जडणे व रेबीजची लक्षणे दिसणे यांत सामान्यतः काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे अंतर असते. दहा दिवसांचा हिशेब लक्षणांपासून, आणि चाव्याच्या संदर्भात चाव्याच्या दिवसापासून, करावयाचा असतो. कारण लाळेत विषाणू येऊ लागल्यावर प्राणी फार दिवस जगत नाही. एका शब्दाच्या हलगर्जीपणामुळे वाचकाचा असा ग्रह होऊ शकतो की, दुसऱ्या कुत्र्याने चावलेला कुत्रा दहा दिवस टिकला तर तो सुरक्षित ठरला. तसा तो ठरत नाही. दुसरे असे की, विलग ठेवलेल्या कुत्र्याच्या मृत्यूपाशी हा नियम थांबत होता. मृत्यूनंतर मेंदूचे काय करावे याची कार्यपद्धती तो सांगत नव्हता. निदान मात्र तेथूनच सुरू होते. २०२३ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली.

नागपुरात कुत्र्यांचा प्रश्न गेल्या काही वर्षांत न्यायालयात गाजला तो मुख्यतः खाऊ घालण्याच्या संदर्भात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावर निर्बंध घातले व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील काही निर्देशांना स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसराविषयीच्या आपल्या ११ ऑगस्टच्या आदेशात बदल करून निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. त्यातून रेबीजबाधित, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक वर्तन करणारी कुत्री वगळली. या वर्गीकरणातील पहिले पद प्रयोगशाळेचे आहे, दुसरे चिकित्सकाचे आहे आणि तिसरे कुणाचेही असू शकते. तिन्हींचा परिणाम एकच ठेवला, तर व्यवहारात तिसरे पद पहिल्या दोहोंना गिळून टाकण्याचा संभव आहे, आणि मूक रूपातील बाधित कुत्रा आक्रमक नसल्यामुळे या जाळ्यातून पुन्हा निसटण्याचाही.

'अज्ञातमूल' : अज्ञानाची कबुली देणारे नाव

रस्त्यावरून घराच्या आत आल्यावर या परिभाषेचे दुसरे टोक दिसते. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे चालणारा पग दूरदर्शन संचांवर झळकला आणि ही जात भारतीय शहरांत घरोघरी पोहोचली. नागपूरही त्यास अपवाद नव्हते. याच जातीत मेंदूच्या ऊतींचा नाश करणारा एक दाह कॉर्डी व हॉलिडे यांनी १९८९ मध्ये वर्णिला होता. तरुण वयातील पगला अकस्मात झटके येतात, तो गोल गोल फिरतो, भिंतीला डोके टेकून उभा राहतो, दिसेनासे होते. पुढे माल्टीज, चिवावा, यॉर्कशायर टेरियर आदी लहान जातींतही असे दाह आढळले. यांत रोगजंतू सापडत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा मेंदूवर उलटते, असे मानले जाते.

अशा दाहांचे नेमके प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा तुकडा पाहूनच ठरतात आणि तो तुकडा बहुधा मृत्यूनंतरच मिळतो. म्हणून जिवंत प्राण्यासाठी पशुवैद्यकांनी एक व्यापक नाव स्वीकारले, ज्याचा अर्थ मराठीत 'अज्ञातमूल मेंदू-आवरणदाह' असा करता येईल. २०१० मध्ये ग्रेंजर, स्मिथ व जेफरी यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन या निदानासाठी निकष सुचविले. वय सहा महिन्यांहून अधिक असावे, एमआरआय प्रतिमेत मेंदूत एक वा अनेक ठिकाणी विशिष्ट बदल दिसावेत, मेरुजलात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असून त्यांत निम्म्याहून अधिक एककेंद्रकी असाव्यात, आणि त्या त्या प्रदेशात आढळणारे संसर्ग वगळलेले असावेत. यांतील शेवटचा निकष युरोपात जितका सोपा, तितका विदर्भात अवघड. जेथे गोचीड बारमाही, डिस्टेंपर वस्तीत खेळता आणि रेबीज स्थानिक, तेथे 'अज्ञात' म्हणण्यापूर्वी ज्ञाताची यादी फार लांब तपासावी लागते. ही तपासणी टाळून प्रेडनिसोलोनसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू केले, तर प्रतिकारजन्य दाहाचा कुत्रा तरतो, पण निओस्पोरा किंवा डिस्टेंपरचा कुत्रा अधिक बिघडू शकतो. शिवाय औषधाने मेरुजलातील बदल पुसट होतात ते वेगळेच. मेरुजल काढण्यासही भूल द्यावी लागते व कवटीतील दाब वाढलेला असल्यास ते धोक्याचे ठरते. काही कुत्र्यांत दाह असूनही प्रतिमा निर्दोष दिसते. सारांश, पगच्या मालकाला मिळते ते शक्यतेच्या पायऱ्यांवर उभे असलेले उत्तर, आणि ते घेऊन पहिल्या आठवड्याची अनिश्चितता त्याला सोसावी लागते.

समीक्षेच्या दृष्टीने या नावाचे महत्त्व असे की, ते आपल्या मर्यादेची खूण अंगावर वागविते. 'अज्ञात' हे विशेषण निदानाच्या पोटातच आहे. 'पिसाळलेला' या विशेषणात अशी जागा नाही. ते नेहमी पूर्ण झालेल्या क्रियेचे बोलते. एकाच शहरातील दोन कुत्री सारख्याच प्रकारे लडखडत असतील, तर गादीवरच्याला पहिले विशेषण मिळते आणि नालीकाठच्याला दुसरे. पहिल्याचा खर्च मालक सोसतो, दुसऱ्याला मालकच नाही, एवढे आर्थिक कारण मान्य केले तरी शब्दांची ही विषम वाटणी डोळ्यांआड करता येत नाही. गंमत अशी की, लसीकरण चुकलेला गादीवरचा पगही रेबीजने बाधित असू शकतो आणि त्याच्या बाबतीत ती शंका घेणे घरच्यांना अपमानास्पद वाटते.

मेंदूपर्यंत पोहोचणे

रेबीजचे निश्चित निदान मेंदूतच होते. १९०३ मध्ये आदेल्की नेग्री यांनी बाधित मेंदूपेशींत जे पिंड पाहिले, ते अनेक दशके निदानाचा आधार राहिले. पण ते न सापडल्यास रेबीज नाही असे म्हणता येत नाही, आणि डिस्टेंपरमध्येही पेशींत पिंड दिसत असल्याने अननुभवी डोळा फसू शकतो. १९५८ मध्ये गोल्डवॉसर व किस्लिंग यांनी प्रतिदीप्त प्रतिपिंडांची चाचणी रेबीजसाठी वापरली आणि तिने नेग्री पिंडांची जागा घेतली. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही १९५८ चेच, हा निव्वळ योगायोग. आज ते २००० साली नागपुरात स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. पशुवैद्यकाचे विद्यापीठच ज्या शहरात आहे, त्या शहराच्या व्यवहारभाषेत हे निदान एका क्रियापदावर भागते, ही विसंगती नोंदविणे भाग आहे.

निदान न झाल्याचा परिणाम आकड्यांत उतरतो. भारतात रेबीजने दरवर्षी सुमारे वीस हजार माणसे मरतात, असा अंदाज बराच काळ उद्धृत होत असे. २०२२-२३ मध्ये देशाच्या पंधरा राज्यांतील साठ जिल्ह्यांत झालेल्या सर्वेक्षणावरून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संशोधकांनी हा आकडा ५,७२६ असा काढला. दोन अंदाजांतील ही तफावत अंशतः प्रगतीची असेल, अंशतः मोजणीच्या पद्धतीची. २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला आहे. उच्चाटन झाले हे सिद्ध करण्यासाठी मात्र संशयित कुत्र्यांचे मेंदू तपासून ते निर्दोष आढळले, अशा नोंदी लागतात. गोव्याने व्यापक लसीकरणाबरोबर संशयित कुत्र्यांचा शोध व तपासणी यांची सांगड घातली, म्हणून तेथील दाव्याची छाननी तरी करता येते. काठीने मारून पुरलेल्या कुत्र्याचा मेंदू कोणत्याच बाजूने साक्ष देत नाही. तो बाधित होता की नव्हता, हे न कळल्यामुळे त्याच्या सहवासातील इतर कुत्र्यांचे व मुलांचे काय करावे, हेही कळत नाही.

मेंदूचा नमुना घेण्यासाठी प्रत्येक वेळी कवटी फोडावी लागते, हा समजही तपासणी टाळण्याचे एक कारण बनलेला आहे. मानेच्या सांध्याशी डोके वेगळे केल्यावर कवटीच्या मागील मोठ्या छिद्रातून प्लास्टिकची साधी नळी डोळ्याच्या दिशेने सरकवून मेंदूस्कंधाचा नमुना घेता येतो. हे काम पूर्वलसीकरण झालेल्या, हातमोजे व चष्मा घातलेल्या प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाचे असते, आणि नमुना बर्फावर, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावयाचा असतो. संशयित मृत कुत्र्यांच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात आज जेथे 'पिसाळलेला' एवढेच लिहिले जाते, तेथे 'संशयित, तपासणी झाली नाही', 'संशयित, नमुना पाठविला' आणि 'प्रयोगशाळेत सिद्ध' असे तीन रकाने आखता येतील. पहिल्या रकान्यात सुरुवातीला बहुतेक सारी कुत्री येतील, आणि तो रकाना भरलेला दिसणे हीच त्या नोंदवहीतील पहिली खरी माहिती असेल.